इआय शिकायचंय? आधी गुरूचा गुरू विचारा

जपानात नोकरीला किंवा शिकायला आलेल्या मराठी मुलामुलींचे मला वर्षातून तीन-चार तरी फोन येतात. "ताई, ते म्यानातून तलवार उपसायचं शिकवतात ना, ते मला शिकायचंय. कुठलं स्कूल चांगलं?" ती विद्या म्हणजे इआय. बहुतेकांनी व्हिडिओ भरपूर पाहिलेले असतात आणि हाताशी नावांची यादीही असते: एइशिन र्यू, मुगाइ र्यू, कातोरी शिंतो र्यू, होकी र्यू. मी नऊ वर्षं तोक्योत मुसो जिकिदेन एइशिन र्यू शिकते आहे. या विद्येत नऊ वर्षं म्हणजे काही फार नाहीत, पण नवख्या माणसाचं पहिल्या वर्षात नेमकं कुठे अडतं ते मला अजून लख्ख आठवतं. फोनवर तुकड्यातुकड्याने सांगते ते इथे एकदा सलग लिहून ठेवते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरणार आहे. र्यूचं नाव पाहून जागा निवडू नका. तुमचे होणारे शिक्षक कोणाच्या हाताखाली शिकले, आणि तो माणूस कोणाच्या, हे आधी पाहा. 'र्यू' या शब्दाला 'स्कूल' म्हटलं की डोळ्यांपुढे वर्ग आणि अभ्यासक्रम येतो. आपल्या संगीतातला 'घराणं' हा शब्द त्याच्या कितीतरी जवळ जातो. विद्या पुस्तकात नसते, ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि जाताना प्रत्येक हाताचं थोडं काही तिला चिकटतं.

पहिली पायरी: काय पाहायचं ते कळू द्या

केंदोत, म्हणजे तलवारबाजीच्या जपानी खेळात, दोघं समोरासमोर उभे असतात आणि बांबूची शिनाई आधीपासून हातात असते. इआयमध्ये तलवार म्यानात आहे, माणूस बसलेला आहे किंवा चालतो आहे, आणि धोका अचानक येतो. तलवार म्यानातून निघता निघताच पहिला वार झाला पाहिजे, ही या विद्येची मूळ कल्पना. पूर्वी तिला इआयजुत्सु, बात्तोजुत्सु अशी नावं होती. 'इआयदो' हे नाव विसाव्या शतकात रूढ झालं.

सराव बहुतांशी एकट्याने चालतो, ठरलेल्या हालचालींच्या मालिकांचा. तिला काता म्हणतात. बंदिश जशी आहे तशी आधी गळ्यात बसवावी लागते, तसाच काता आधी अंगात बसवावा लागतो. समोर कोणी नसतं, तरी कोणी आहे असं धरूनच प्रत्येक हालचाल करायची.

आमच्या र्यूतला पहिला काता 'माए', म्हणजे 'समोर'. सेइझात बसायचं. आपलं वज्रासनच, फक्त गुडघ्यांत थोडं अंतर ठेवून. समोर तसाच कोणी बसलेला आहे. तो उठणार, असं जाणवलं की दोन्ही हात तलवारीकडे जातात, पण झडप घालून नाही. डावा अंगठा मुठीपुढच्या चकतीला, म्हणजे त्सुबाला, जेमतेम बोटभर पुढे सरकवतो. म्यानाच्या तोंडात घट्ट बसलेलं पातं तेवढ्याने सुटतं. या तोंडाला 'कोइगुची' म्हणतात, कोइ माशाचं तोंड. म्यान समोरून पाहिलं की नाव पटतं. मग अंग गुडघ्यांवर उचललं जातं, पावलांची बोटं जमिनीत रोवली जातात आणि तलवार हळू सुरू होऊन वेग घेत जाते. टोक म्यानाच्या तोंडाशी येतं, उजवं पाऊल पुढे पडतं आणि त्याच क्षणी डावा हात म्यान मागे खेचतो.

सगळी गोम इथे आहे. पाहणाऱ्याला वाटतं उजव्या हाताने तलवार ओढली. खरं तर डाव्या हाताने तलवारीवरून म्यान काढून घेतलेलं असतं. याला सायाबिकी म्हणतात. सायाबिकी नसेल तर तलवार अर्ध्यात अडकते, खांदा वर येतो, वार लंगडा पडतो. पहिल्या आडव्या वाराला नुकित्सुके म्हणतात. त्यानंतर तलवार डोक्यावर जाते, दोन्ही हातांनी उभा वार होतो, पात्यावरचं रक्त झटकल्याची चिबुरी होते आणि शेवटी तलवार परत म्यानात जाते, तो नोतो. नोतो करताना खाली पाहायचं नाही. नजर समोर पडलेल्या माणसावर, पात्याची बोथट पाठ डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या मधून सरकत जाते, आणि टोक स्वतःहून म्यानाचं तोंड शोधतं. हे जमायला महिने जातात. चुकलं तर टोक तळहातात घुसतं, म्हणूनच नवख्याच्या हातात धारेची तलवार कुठलाही शहाणा शिक्षक देत नाही.

कुठल्याही दोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, पाहायला गेलात तर वेगाला भुलू नका. डावा हात पाहा आणि नोतो पाहा.

दुसरी पायरी: वंशवेल समजून घ्या

नावांचा हा पसारा पहिल्यांदा ऐकला की डोकं गरगरतं. पण मुख्य वेल एकच आहे, तिच्यापासून सुरुवात केली की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

वेलीच्या मुळाशी हायाशिझाकी जिनसुके शिगेनोबू. 16 व्या शतकाच्या उत्तरार्धातला माणूस, उत्तरेकडच्या देवा प्रांतातला. आज तो भाग यामागाता प्रांतात येतो. कथा अशी की वडिलांचा खून झाला, सूड घ्यायचा म्हणून या मुलाने हायाशिझाकी देवस्थानात अनुष्ठान केलं आणि तिथे त्याला तलवार उपसण्याची विद्या प्रसन्न झाली. मुरायामा शहरात ते देवस्थान आजही आहे, इआयच्या नावानेच ओळखलं जातं आणि तिथे देवापुढे काता सादर करायला देशभरातून माणसं येतात. कथेकडे कथा म्हणूनच पाहावं. पण आजच्या इआय घराण्यांपैकी मोठा हिस्सा आपलं मूळ या एका माणसाशी जोडतो, ही गोष्ट कथेपेक्षा मोठी आहे.

त्याच्या नावाचं शिन मुसो हायाशिझाकी र्यू अजून चालू आहे, आणि त्यातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. तिथे 3 शाकू 3 सुन लांबीची तलवार वापरतात. एक शाकू म्हणजे 30.3 सेंटीमीटर, सुन त्याचा दहावा भाग आणि बु सुनचा दहावा; म्हणजे पातं जवळजवळ एक मीटर. आणि समोर अगदी गुडघ्याला गुडघा भिडवून बसलेला प्रतिस्पर्धी, त्याच्या हातात 9 सुन 5 बुची, म्हणजे जेमतेम 29 सेंटीमीटरची कट्यार. एवढ्या कमी जागेत ती लांब तलवार निघायची कशी? हाताच्या जोरावर ती निघतच नाही. कंबर, खांदे, म्यान धरलेला हात, सगळं अंग एकदम उघडावं लागतं. अशक्य वाटणारी अट घालून शरीराला शिकवायचं, ही त्यामागची बुद्धी.

हायाशिझाकींपासून तामिया हेइबेइ, त्यांच्यापासून नागानो मुराकू, असं करत सातव्या पिढीत हासेगावा एइशिन येतात. एइशिन र्यू हे नाव त्यांचंच. नवव्या पिढीतले हायाशी रोकुदायू तोसाच्या यामाउची सरदारांच्या पदरी होते. एदोत, आजच्या तोक्योत, शिकलेली विद्या ते तोसाला, म्हणजे आजच्या शिकोकू बेटावरच्या कोचीला घेऊन गेले. पुढची दीड-दोनशे वर्षं ती तिथेच राहिली, बाहेरच्यांना शिकवायची नाही या नेमाने. याच काळात सेइझात बसून करायच्या ओमोरी र्यूच्या कातांची तिच्यात भर पडली, आणि अकराव्या पिढीनंतर तिला दोन फांद्या फुटल्या: तानिमुरा आणि शिमोमुरा.

मग 1868 मध्ये मेइजी काळ, सम्राटाच्या नव्या राजवटीचा, सुरू झाला. 1876 च्या मार्चमध्ये तलवार कंबरेला लावून फिरण्यावर बंदी आली आणि या विद्येचा पोटापाण्याशी असलेला संबंध एका हुकमाने संपला. ती तगली ती मोजक्या माणसांमुळे. त्यातले एक ओए मासामिची, 1852 ते 1927. ते दोन्ही फांद्यांमध्ये शिकले होते. त्यांनी पसरलेल्या कातांची छाटणी केली आणि आज आम्ही शिकतो ती तीन पातळ्यांची रचना बसवली: आधी सेइझातले 11 काता, मग तातेहिझातले 10, मग ओकुदेन, म्हणजे गाभ्यातले. तातेहिझा म्हणजे डावं पाऊल बुडाखाली आणि उजवा गुडघा अर्धा उभा ठेवून बसणं. घोट्याची परीक्षा पाहणारी बैठक आहे ती. पण त्या 10 कातांची नावं ऐका: तरंगता ढग, खडकावरची लाट, धबधबा. घोटा दुखत असताना ही नावं मनात म्हटली की मला खरंच बरं वाटतं.

दुसरे नाकायामा हाकुदो. हे तोसाचे नव्हते, त्यामुळे दार बंद होतं. लोकहक्काच्या चळवळीमुळे देशभर नाव झालेले तोसाचे पुढारी इतागाकी ताइसुके यांनी शब्द टाकला आणि हाकुदोंना शिमोमुरा फांदीच्या होसोकावा योशिमासांकडे शिकायला मिळालं. त्यांनी पुढे जे शिकवलं ते मुसो शिनदेन र्यू. आज जगात सर्वांत जास्त लोक इआय शिकतात ते या दोनपैकी एका नावाखाली: मुसो जिकिदेन एइशिन र्यू किंवा मुसो शिनदेन र्यू. दोन्ही बहिणी आहेत. आमच्या 'माए'लाच तिकडे 'शोहात्तो' म्हणतात. या दोनपैकी कुठलं चांगलं, हा वाद घालण्यात कृपा करून एक संध्याकाळही घालवू नका.

बाकीच्या घराण्यांचा थोडक्यात परिचय करून देते. तामिया र्यू आणि काटायामा होकीनोकामी हिसायासु यांचं होकी र्यू ही जुनी आणि मानाची. सुइओ र्यू मिमा योइचिझाएमोन यांचं, आज मुख्यतः शिझुओकात, त्यात इआयबरोबर दंड आणि नागिनाता, म्हणजे लांब दांड्याला बसवलेलं वाकडं पातं, हेही आहे. तात्सुमी र्यू चिबा प्रांतातलं, अनेक शस्त्रांचं भरगच्च घराणं. मुगाइ र्यूची गोष्ट वंशावळ वाचायला शिकण्यासाठी मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्सुजी गेत्तान यांनी ते 1693 मध्ये स्थापलं, पण ते उपसलेल्या तलवारीचं, केनजुत्सुचं घराणं होतं. त्यांच्याकडचं इआय आलं ते जिक्यो र्यू नावाच्या दुसऱ्या घराण्यातून. पुढे विसाव्या शतकात नाकागावा शिर्यो यांनी त्याची आज दिसते ती मांडणी केली. म्हणजे 'मुगाइ र्यू इआय' म्हटलं की त्यात तीन धागे आहेत, आणि तसं सांगितल्याने त्याचा मान तसूभरही कमी होत नाही. तोयामा र्यू मात्र जुन्या घराण्यांत मोडत नाही; ते 1925 च्या सुमारास लष्कराच्या तोयामा अकादमीत तयार झालं. 1868 च्या आधीच्या घराण्यांना कोर्यू म्हणायचं, असा साधारण संकेत आहे.

कातोरी शिंतो र्यू या वेलीवरचं नाहीच. ते हायाशिझाकींच्याही आधीचं, 15 व्या शतकातलं. ईझासा चोइसाइ इएनाओ यांनी चिबातल्या कातोरी देवस्थानाच्या आश्रयाने ते उभं केलं, आणि प्रमुखपद आजही ईझासा घराण्यातच आहे. इआय हा त्याचा एक भाग. त्याखेरीज दंड, भाला, नागिनाता आहेत. तिथे प्रवेश घेताना शिष्य रक्ताचा ठसा उमटवून शपथ घेतो: विद्या बाहेर सांगणार नाही, तिचा गैरवापर करणार नाही. याला केप्पान म्हणतात. हे वाचून आपल्याकडचं गंडाबंधन आठवल्याशिवाय राहत नाही.

तिसरी पायरी: परंपरा तपासायची कशी

कोणाच्या दोजोत जाण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. नम्रपणे विचारल्या तर कोणाला राग येत नाही. शिक्षक कोणाकडे शिकले? किती वर्षं? आणि अजून त्यांच्याकडे किंवा त्यांच्या गुरुबंधूंकडे जाऊन स्वतःचा हात तपासून घेतात का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला सर्वांत मोलाचं वाटतं.

काही शब्द कानावर पडतील. सोके म्हणजे घराण्याचा प्रमुख. शिहान म्हणजे शिकवण्याचा अधिकार असलेला ज्येष्ठ. मोकुरोकु ही शिकवलेल्या कातांची यादी असलेली गुंडाळी, ती एका टप्प्यावर मिळते. मेन्क्यो कायदेन म्हणजे सगळी विद्या दिली, हातचं काही राखलं नाही, याचा लेखी दाखला. हे कागद वर्षानुवर्षांच्या सहवासानंतर मिळतात. दोन वर्षांत मेन्क्यो देणारा कोणी भेटला तर निमूटपणे बाहेर पडा.

एका गोष्टीने मात्र घाबरून जाऊ नका. एइशिन र्यूत ओए यांच्यानंतर एकच सरळ रेघ राहिलेली नाही. होकियामा नामिओ, फुकुइ हारुमासा, कोनो ह्याकुरेन अशी एक रेघ सांगतात. यामाउची तोयोताके आणि मासाओका काझुमी यांच्यापासून निघालेल्या वेगळ्या रेघा आहेत. सोके म्हणवणारे एकाहून जास्त दिसतील. यात लबाडी शोधू नका. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर दोघी अल्लादिया खाँसाहेबांच्याच शिष्या, पण गळा दोघींचा आपापला. तसंच एकाच काताचा नोतो एका रेघेत थोडा उभा दिसेल, दुसऱ्या रेघेत आडवा. शिक्षक ज्या रेघेतले आहेत ती नीट सांगू शकतात का, एवढं पाहा.

मी स्वतः इथे एकदा फसले आहे. जपानात आले त्या वर्षी घराजवळ एक जागा मिळाली, शिक्षक बोलायला गोड, भिंतीवर प्रमाणपत्रं. त्यांचे गुरू कोण असं विचारलं की उत्तर दर वेळी वेगळं यायचं. मी चार महिने गेले. पुढे आत्ताच्या सेन्सेईंकडे, म्हणजे शिक्षकांकडे, आले तेव्हा त्यांनी माझा पहिलाच नुकित्सुके पाहिला, काही बोलले नाहीत, मागे येऊन उभे राहिले आणि माझं डावं मनगट धरून म्यान मागे नेलं. मी आजवर फक्त उजव्या हाताने ओढत होते. चार महिन्यांत लागलेली ती सवय जायला दोन वर्षं लागली. सेन्सेई म्हणाले, त्यांच्या सेन्सेईंनी त्यांचं मनगट अगदी असंच धरलं होतं. परंपरा हा शब्द मला त्या दिवशी कळला.

चौथी पायरी: महासंघ, दान आणि घराणं यांची गल्लत करू नका

जपानात इआयदोचे दोन मोठे महासंघ आहेत. अखिल जपान केंदो महासंघाने 1969 मध्ये निरनिराळ्या घराण्यांचा विचार घेऊन 7 समान काता ठरवले. 1980 मध्ये 3 आणि 2000 मध्ये आणखी 2 वाढले, आज 12 आहेत. यांना सेइतेइ म्हणतात. 1954 मध्ये स्थापन झालेला अखिल जपान इआयदो महासंघ वेगळा. त्याचे समान काता पाच, पाच घराण्यांतून एकेक घेतलेले.

बहुतेक दोजोंमध्ये सेइतेइ आणि एखादं जुनं घराणं दोन्ही शिकवतात. नवख्याने सेइतेइपासून सुरुवात करण्यात काहीच कमीपणा नाही. नियम लिखित आहेत, पायाचा कोन, तलवारीच्या टोकाची उंची सगळं ठरलेलं आहे, त्यामुळे चूक लगेच कळते.

दान ही महासंघाची श्रेणी, मेन्क्यो हा घराण्याचा दाखला. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. केंदो महासंघात पहिल्या दानानंतर दुसऱ्यासाठी किमान 1 वर्ष, तिसऱ्यासाठी आणखी 2, चौथ्यासाठी 3, असं करत सातव्यापर्यंत 21 वर्षं होतात. आठव्यासाठी त्यावर आणखी 10 वर्षं आणि वय किमान 46. परीक्षेत पाच काता सहा मिनिटांत करायचे असतात. हे आकडे घाबरवण्यासाठी देत नाही. घाई करून काहीच पदरात पडत नाही, हे आधी कळलेलं बरं.

पाचवी पायरी: पहिली भेट

आधी फक्त पाहायला जायचं. याला केनगाकु म्हणतात. दोजोला दोन-चार ओळींचा मेल करा: नाव, कुठे राहता, आधी काही शिकलात का, आणि कुठल्या दिवशी येऊन पाहू शकते किंवा शकतो. सराव बऱ्याचदा शहराच्या सार्वजनिक क्रीडाकेंद्रात असतो, त्यामुळे पत्ता दिसला तरी आगाऊ न कळवता जाऊ नका. दहा मिनिटं आधी पोहोचा. आत शिरताना वाकून नमस्कार करा. पाय पसरून बसू नका. फोटो काढायचा तर विचारून.

आणि हे दोन नेम आपल्याला फारसे सांगावे लागू नयेत, तरी सांगते. कोणाचीही तलवार ओलांडायची नाही. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला की आपण हात लावून कपाळाला लावतो; तलवारीबद्दल तिथे तोच भाव आहे. आणि मालकाने दिल्याशिवाय कोणाच्या तलवारीला हात लावायचा नाही. पात्याला बोट लागलं की घामाचा ठसा राहतो आणि खऱ्या पोलादावर तिथेच गंज धरतो.

किमान दोन वेळा पाहून मग शिकायचं ठरवा. प्रवेश घेतला की त्या शिक्षकांना न सांगता दुसऱ्या दोजोत जाऊन बसू नका. इथे हे फार लागतं. वस्तादाला न विचारता दुसऱ्या तालमीत घुमलेल्या पोराबद्दल कोल्हापुरात काय बोललं जाईल ते आठवा.

सहावी पायरी: कपडे, तलवार, कायदा

पहिल्या दिवशी काहीच विकत घेऊ नका. अंगात सैल कपडे, एवढं पुरतं. पुढे केइकोगी म्हणजे वरचा अंगरखा, हाकामा म्हणजे चुण्यांचा घेरदार पायघोळ आणि रुंद ओबी, म्हणजे कमरपट्टा, लागेल. तलवार ओबीच्या थरांमध्ये खोचलेली असते, ज्युदोच्या पट्ट्याने काम भागत नाही. हाकाम्याखाली गुडघ्यांना पॅड बांधा. लाकडी जमिनीवर गुडघे टेकून उठायचं म्हणजे चेष्टा नाही. मी पहिले सहा महिने हट्टाने पॅड घातले नाहीत आणि पुढे तीन महिने जिना उतरताना कठडा धरावा लागला.

सुरुवात लाकडी बोकेनने होते, त्याला प्लास्टिकचं म्यान असतं. मग इआयतो. ती जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, धार नसलेली. लांबी उंचीवर ठरते. 170 सेंटीमीटरच्या आसपास उंची असेल तर 2 शाकू 4 सुन 5 बु, म्हणजे सुमारे 74 सेंटीमीटरचं पातं बहुतेकांना सोसतं. पण मागवण्याआधी शिक्षकांना विचाराच. प्रत्येक सरावाआधी मुठीतली मेकुगी पाहा. बांबूची एवढीशी खुंटी, पण पातं मुठीत धरून ठेवते तीच. ती सैल असेल तर त्या दिवशी तलवार उचलायची नाही.

कायद्याचं मनावर घ्या. जपानात धारेच्या खऱ्या तलवारीबरोबर प्रांताच्या शिक्षण मंडळाचा नोंदणी दाखला असावाच लागतो. मिश्रधातूच्या इआयतोला दाखला लागत नाही, पण तीसुद्धा पिशवीत बांधूनच न्यायची. परदेशात पोलादाच्या इआयतो मिळतात, त्या जपानात आणता येत नाहीत. भारतात शस्त्र कायदा 1959 आणि त्याखालच्या नियमांनुसार 9 इंचांपेक्षा लांब पात्याच्या धारदार शस्त्रांवर परवान्याची बंधनं आहेत. सुट्टीत घरी नेऊन दाखवायची हौस असेल तर आधी विमान कंपनी, सीमाशुल्क आणि गावाकडचं पोलीस ठाणं तिघांना विचारा. मी बोकेनसुद्धा नेत नाही. घरी लाटण्यावर पकड दाखवते, आईला तेवढं कळतं.

पुण्या-मुंबईत बसून शिकायचं असेल तर

व्हिडिओवरून काताचा क्रम पाठ होईल, डावा हात दुरुस्त होणार नाही. त्यापेक्षा नियमित शिकवणारं आणि वर्षातून एकदोनदा तरी जपानी ज्येष्ठांपुढे स्वतः उभं राहणारं कोणी जवळपास आहे का ते शोधा. जुनं घराणं नाही मिळालं, नुसतं सेइतेइ मिळालं, तरी चालेल. कोणीतरी समोरून पाहणारं हवं. आणि मनातली खरी ओढ तलवार चालवण्याची असेल, जपानची नसेल, तर मर्दानी खेळ शिकवणाऱ्या वस्तादांकडे जा. दांडपट्ट्याची विद्याही अशीच हातातून हातात आलेली आहे.

पहिल्या वर्षात काय होईल

फारसं काही झालेलं दिसणार नाही. तीन-चार काता, बसणं, उठणं, नमस्कार. एक खूण मात्र सांगते. म्यान होनोकी नावाच्या हलक्या लाकडाचं असतं. उपसताना पातं सरळ न निघता आतून घासलं की कोइगुचीपाशी लाकडाचा बारीक भुसा पडतो. माझ्या काळ्या हाकाम्यावर दर सरावानंतर डाव्या मांडीपाशी पांढुरकी भुकटी असायची. सेन्सेई काता पाहायचेच, पण शेवटी जाता जाता त्या भुकटीकडेही पाहायचे. तिसऱ्या वर्षी एकदा ती दिसलीच नाही. मी दिवा जवळ घेऊन पाहिलं. पुढच्या आठवड्यात ती परत होती, पण कमी.

मेच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी मिळत असेल तर क्योतोला जा. हेइआन देवस्थानाजवळ 1899 साली बांधलेली बुतोकुदेन नावाची लाकडी वास्तू आहे, तिथे दर वर्षी देशभरातले ज्येष्ठ आपापले काता सादर करतात. सत्तरी-ऐंशीतली माणसं येतात, बसतात, दोन-तीन काता करतात, नमस्कार करून जातात. सकाळी लवकर जाऊन बाजूला जागा धरा. कार्यक्रमपत्रिकेतली नावं वाचत बसू नका. डावे हात पाहा. दुपारपर्यंत कोण कोणाचा शिष्य असेल याचा अंदाज तुम्हाला स्वतःलाच येऊ लागेल.